रविवारी कामाला नाही म्हणता येतं का? उद्यमबागेतल्या एका कामगाराच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये सात वर्षं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर आहेत, गाव येळ्ळूर. कारखान्यात एकूण २८ कामगार. शनिवारी संध्याकाळी शिफ्ट सुटताना सुपरवायझर येऊन सांगतो, "उद्या सातला या, डिस्पॅच आहे." महिन्यातले तीन रविवार असे जातात. बदली सुटी मिळत नाही. रविवारचे पैसे पगारपावतीत नसतात, एका दिवसाची हजेरी पाकिटातून मिळते. भातलावणीच्या दिवसांत ते एका रविवारी गेले नाहीत, तर सोमवारी गेटवरूनच परत पाठवलं आणि तो दिवस बिनपगारी धरला. त्यांचं म्हणणं एवढंच: "कायद्याने मला रविवारी नाही म्हणता येतं का, आणि म्हटलं तर नोकरी राहील का?"

मी चौदा वर्षं एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात होतो आणि गेली अठरा वर्षं कामगारांचे दावे चालवतोय. मस्टर, म्हणजे हजेरीपट, कसं भरतात आणि नंतर ते कोर्टात कसं उलगडतं, हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमचा खरा प्रश्न रविवारचा नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मिळते का, हा आहे. ती मिळत असती, समजा मंगळवारी, तर तुम्ही कदाचित विचारलंच नसतं. "रविवार हा माझा हक्क" असं म्हणत गेलात तर समोरचा माणूस एका वाक्यात तुम्हाला गप्प करेल. "माझी आठवड्याची सुटी कुठे गेली?" असं विचारलंत तर त्याला कागद काढावा लागतो, आणि तुम्ही सांगताय त्यावरून त्याच्याकडे तो कागद नाही.

रविवार कायद्यात नव्हताच असं मात्र नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५२ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रौढ कामगाराला काम करायला लावता येणार नाही, करू देताही येणार नाही, असं होतं. आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून मोजायचा, म्हणजे पहिला दिवस रविवार. (मुख्य कारखाना निरीक्षकाने एखाद्या भागासाठी लेखी मंजुरी देऊन वेगळा दिवस धरला असेल तर तो.) रविवारी काम घ्यायचंच असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवस बदली सुटी द्यायची, मॅनेजरने तसं आधी निरीक्षकाच्या कार्यालयात कळवायचं आणि कारखान्यात नोटीस लावायची. एवढं करूनही सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम घ्यायला बंदी. त्यातला "करू देताही येणार नाही" हा भाग मला नेहमी महत्त्वाचा वाटत आलाय. कामगार स्वतःहून राजी होता, ही सबब मालकाला तिथे चालत नाही.

आता बदल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाने कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्या कलम २६ मध्ये पहिला दिवस वगैरे काही नाही. कुठल्याही आठवड्यात कामगाराला सहा दिवसांपेक्षा जास्त काम करू द्यायचं नाही, एवढंच आहे. म्हणजे रविवार अक्षरातून गेला. पण त्याच संहितेच्या कलम २७ मध्ये एक गोष्ट आली जी आपल्या कामगाराला पूर्वी इतक्या स्पष्टपणे कधी मिळाली नव्हती: ओव्हरटाइम कामगाराच्या संमतीनेच घ्यायचा. तुम्ही आठवड्याचे ४८ तास शनिवारी पूर्ण करता. त्यानंतरचा रविवार म्हणजे ओव्हरटाइमच. त्याला संमती लागते, आणि ती शनिवारी संध्याकाळी सुपरवायझरने परस्पर गृहीत धरायची गोष्ट नाही.

तुमचे २८ कामगार असल्याने एक वाद आपोआप मिटतो. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की कारखाना, नव्यात २०. तुम्ही दोन्हीत बसता. मालक "आमचं वर्कशॉप आहे, कारखाना नाही" म्हणाला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

तर इथवर असं: रविवारच हवा हा हट्ट कायद्याने धरता येत नाही. सलग सातवा दिवस, बदली सुटीशिवाय आणि तुमच्या इच्छेविरुद्ध, तुमच्याकडून घेता येत नाही. तुमच्या बाबतीत नेमकं तेच चाललंय.

जाता जाता एक. ही सुटी कोणी सरकारदरबारी बसून सहज दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांनी ती मागितली, सत्यशोधक माणूस. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्या मागणीत होतं. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. आमच्या टाइम ऑफिसात एक जुने मुकादम होते, ते रविवारी बोलावणं आलं की म्हणायचे, "देवाच्या वाराला यंत्राचा नैवेद्य." हसायचे आणि यायचेच, कारण घरी दोन मुली लग्नाच्या होत्या.

आता पैशांचं. इथे कामगारांचाही एक गैरसमज असतो की रविवारी आलं की डबल. तसं नाही. रविवारी काम घेतलं आणि त्याबदली बुधवारी सुटी दिली तर तो साधा दिवस, साधी हजेरी. डबल लागतं ते ठरलेल्या तासांवरच्या कामाला. तुम्हाला बदली सुटीच नाही, म्हणून तुमचा आख्खा रविवार डबलमध्ये जातो. समजा महिन्याचा पगार १५,६०० आहे. भागिले २६, दिवसाचे ६००. भागिले ८, तासाचे ७५. ओव्हरटाइमचा तास १५०, आठ तासांचे १,२००. तुमच्या हातात पाकिटातून ६०० येतात, म्हणजे दर रविवारी ६०० कमी. महिन्याला तीन रविवार धरले तर वर्षाचे २१,६००. तुमचा खरा पगार घालून हा हिशोब एका वहीत मांडा. त्या आठवड्यात मध्येच एखादी रजा घेतली असेल तर तो रविवार वेगळा लिहा, कारण तिथे "आठवड्याचे तास भरले नाहीत" असं उत्तर येतं. संहितेत दिवसाचा आणि आठवड्याचा, यातला कामगाराला फायद्याचा हिशोब धरायचा असं आहे, पण वाद होणार हे धरून चाला.

वेतन संहितेखाली थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. जुन्या वेतन अदायगी कायद्यात ही मुदत बारा महिनेच होती, म्हणून नोव्हेंबर २०२५ च्या आधीचे रविवार वहीत वेगळ्या पानावर ठेवा.

पाकीट का देतात, तेही सांगतो, कारण ते मीच वर्षानुवर्षं भरलंय. मस्टरवर रविवारच्या रकान्यात लाल शाईने सुटी मांडायची. प्रत्यक्षात आलेल्यांची यादी वेगळ्या वहीत. ती वही महिनाअखेरीला साहेबांच्या कपाटात. निरीक्षक आला की मस्टर स्वच्छ. पावतीत रविवार नाही, म्हणून त्यावर पीएफ नाही, ईएसआय नाही. आणि रविवारी मशीनवर बोट गेलं, तर कागदावर तुम्ही त्या दिवशी घरी होता. पैशांपेक्षा ही गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटते. आमच्याकडे एका फेटलिंगवाल्याच्या (ओतीव माल घासून साफ करणाऱ्याच्या) डोळ्यात रविवारी ठिणगी गेली. तिची नोंद सोमवारी सकाळी सव्वासातची झाली. डॉक्टरांना मात्र दुखापत चोवीस तासांपूर्वीची दिसत होती. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, पण नोकरी सोडायचा विचार मी पहिल्यांदा त्या दिवशी केला.

म्हणून पुरावा तुम्ही तयार करा. सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पुसू नका. तोंडी सांगत असेल तर तुम्हीच लिहून विचारा, "उद्या सातला यायचं ना?" उत्तर आलं की तारखेसकट कागद झाला. जॉबकार्डावर (कामाच्या नोंदीच्या कार्डावर) तुमच्या हातची तारीख असते, तिचा फोटो. (ड्रॉइंगचे फोटो काढू नका. ती गिऱ्हाइकाची गुपितं, त्यावरून तुम्हालाच घरी पाठवतील.) काही वर्षांपूर्वी एका दाव्यात मालकाने रविवारी कारखाना बंदच होता असं शपथेवर सांगितलं. गेटचं रजिस्टर गायब. शेवटी कामाला आली ती चहावाल्याची वही. त्याने तारीखवार लिहिलेलं: रविवार, सकाळी १९ चहा, दुपारी २१. बंद कारखान्यात चाळीस चहा कोण प्यायलं, या प्रश्नावर त्यांच्या वकिलांनी तडजोडीचा विषय काढला.

आता नाही कसं म्हणायचं. सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे फोन बंद करून न जाणं. त्याने तुमचा हक्क गैरहजेरी होऊन बसतो. दुसरा वाईट मार्ग शनिवारी सगळ्यांसमोर सुपरवायझरशी हुज्जत घालणं. गैरवर्तनाच्या यादीत "वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी आदेश न पाळणे" असं कलम असतं. आदेश मुळात कायदेशीर नसेल तर ते तुम्हाला लागत नाही, पण आवाज चढवलात की ते उद्धटपणाचं कलम शोधतील आणि ते लागेल. मी लोकांना असा निरोप लिहून देतो, शक्यतो शुक्रवारीच पाठवायचा:

"सर, येत्या रविवारी घरच्या कामामुळे मला येता येणार नाही. गेल्या दोन रविवारच्या कामाची बदली सुटी अजून मिळालेली नाही, ती कधी मिळेल ते कळवावं. सोमवारी नेहमीच्या शिफ्टला हजर राहीन."

यात कलम नाही, कोर्ट नाही, राग नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते गाळू नका. काम टाळतोय असं कोणाला म्हणता येऊ नये.

सोमवारी गेटवरून परत पाठवलं तर तिथूनच निरोप: "सर, मी ६.५० ला गेटवर हजर आहे, मला आत घेतलेलं नाही, मी कामाला तयार आहे." अर्धा तास थांबा, मग जा. कामाला हजर झालेल्या माणसाला काम दिलं नाही तर तो दिवस त्याच्या गैरहजेरीत जात नाही, त्याचा पगार मागता येतो. भातलावणीनंतरच्या त्या सोमवारी तुम्ही असं काही लिहिलं नसणार. तो दिवस आता सिद्ध करणं अवघड आहे. सोडून द्या म्हणत नाही, पण दाव्याचा पाया त्यावर उभा करू नका.

नोकरी राहील का, याचं प्रामाणिक उत्तर परिस्थितीवर आहे. सात वर्षं काम केलेल्या कायम कामगाराला चौकशी न करता काढलं तर ते टिकवणं मालकाला कठीण जातं. पण तुम्ही पगारपत्रकावर कंत्राटदाराचे असाल, तर कंत्राटदार तुम्हाला "दुसऱ्या साइटवर" पाठवू शकतो, आणि हा खेळ आपल्याकडे खूप चालतो. चांगला सीएनसी सेटर उद्यमबागेत सहज मिळत नाही, हे मालकालाही ठाऊक आहे. कायद्याइतकंच हे तुमच्या बाजूचं वजन आहे. हेल्पर असता तर मी थोडा वेगळा सल्ला दिला असता: आधी तिघाचौघांनी मिळून बोला, एकट्याने निरोप पाठवू नका.

मिळून बोलताना मात्र सांभाळून. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर औद्योगिक संबंध संहितेत तो संपच धरला जातो, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते. सुटीच्या दिवशी न येणं आणि रजा टाकणं एक नाही, हे खरं. पण "या रविवारी कोणीच जायचं नाही" असा ग्रुपवरचा मेसेज मालकाच्या वकिलाच्या हातात आयता कशाला द्यायचा? दुसरं म्हणजे तुमच्यातल्या निम्म्यांना तो रविवार हवाच असेल. कोणाचा सोसायटीचा हप्ता, कोणाचं घरकाम अर्धवट. त्यांच्या पाकिटावर गदा आणून तुम्हाला तुमचा रविवार मिळणार नाही. मागणी अशी करा की आळीपाळीने यादी लावा, येईल त्याला पावतीतून डबल द्या, बाकीच्यांना सक्ती नको. ही मागणी मी दोन ठिकाणी मान्य होताना पाहिलीय, एका ठिकाणी तर मालकानेच सुटकेचा श्वास सोडला, कारण बेवारशी पाकिटांचा हिशोब त्याच्या सीएला जुळवता येत नव्हता.

आपल्या भागाचा म्हणून एक मुद्दा राहतोच, भाषेचा. नोटीस बोर्डावर सुटीचा बदल फक्त कन्नडमध्ये लावलाय आणि मला वाचता येत नाही, अशी तक्रार मी दर वर्षी ऐकतो. जुन्या कारखाने कायद्याच्या कलम १०८ मध्ये नोटीस इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत हवी असं होतं, त्यामुळे त्या काळातल्या रविवारांसाठी हा मुद्दा जरूर मांडा. तक्रार अर्ज मराठीतून देता येतो का? राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडता येतं. हक्क आहे. पण माझा अनुभव विचाराल तर मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा, दोन्हीवर सही करा आणि पोच घ्या. हक्कासाठी भांडायचं की सुटीसाठी, हे एका वेळी एकच ठरवावं. कारखाना असेल तर अर्ज कारखाने व बॉयलर खात्याकडे, दुकान असेल तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज दोन महिने तिथेच राहतो.

सीमेचं म्हणाल तर कायदा कामगाराच्या घराचा नाही, कामाच्या जागेचा. येळ्ळूरहून शिनोळीला जाणाऱ्याला महाराष्ट्रातली कार्यालयं, चंदगडहून उद्यमबागेत येणाऱ्याला कर्नाटकातली. आणि १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस. त्या दिवशी आपल्याकडे कोण काय पाळतं ते सोडा, पण कर्नाटकच्या १९६३ च्या राष्ट्रीय व सणांच्या सुट्यांच्या कायद्यात तो पगारी सुटीचा दिवस आहे. त्या दिवशी काम घेतलं तर जास्तीचे पैसे किंवा बदली सुटी लागते. हा हिशोब रविवारच्या हिशोबात मिसळू नका.

हे सगळं कारखान्याचं झालं. गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात दुकानात काम करणाऱ्यांना कर्नाटकचा १९६१ चा दुकाने कायदा लागतो. तिथेही आठवड्यातून एक पूर्ण दिवस, पगार न कापता. जानेवारी २०२१ मध्ये दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना वर्षभर चोवीस तास उघडं ठेवायची मुभा मिळाली, तेव्हाही प्रत्येकाला आळीपाळीने साप्ताहिक सुटी द्यायची अट होतीच. दुकान उघडं आहे म्हणजे तुमची सुटी गेली, असा अर्थ काढू नका. साखर कारखान्याचा गाळप हंगाम, दवाखाने, भट्टीवरचं सतत चालणारं काम, तातडीची दुरुस्ती, इथे सवलती असतात, पण त्या सुटी पुढे ढकलायच्या, रद्द करायच्या नव्हेत. बदली सुटी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते. वडगाव-खासबागच्या घरगुती मागावर मीटरच्या दराने विणणाऱ्याला मात्र यातलं फारसं काही लागू पडत नाही. वाईट वाटतं, पण खोटी आशा कशाला दाखवू.

आता तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. नियुक्तिपत्र काढून बघा, सुटीचा वार लिहिलाय का. तिथे "रविवार" असा शब्द असेल तर तुमची बाजू मी वर म्हटलं त्यापेक्षा बरीच भक्कम होते, कारण सुटीच्या अटीत कायमचा बदल करायचा तर मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि शनिवारी संध्याकाळचं "उद्या या" म्हणजे ती नोटीस नव्हे. नुसतं "आठवड्यातून एक सुटी" लिहिलं असेल तर वार बदलायला त्यांना जागा आहे, सुटी गिळायला नाही. पत्रच दिलं नसेल तर तसं सांगा. नव्या संहितेत ते देणं बंधनकारक आहे, आणि मग आपण सुरुवात रविवारपासून न करता तिथून करू.